भूतान: सहा जण, तीन प्रकारची कागदपत्रं आणि रोजची फी, सल्ला हवा आहे

निशिगंध

मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटी भूतानला जायचं जवळजवळ ठरलंय. पाच रात्री. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नणंद अमेरिकेतून येऊन आमच्यासोबत असणार. तिचा पासपोर्ट अमेरिकन आहे, ओसीआय कार्ड आहे. सासूबाईंनी पासपोर्ट कधी काढलेलाच नाही.

"भारतीयांना व्हिसा लागत नाही" इथपर्यंत सगळ्यांचं एकमत, त्यापुढे जितकी तोंडं तितकी उत्तरं. एक टूरवाला म्हणाला आधार कार्ड चालतं, दुसरा म्हणाला अजिबात नाही. रोजची ती एसडीएफ नावाची फी (शाश्वत विकास शुल्क) मुलांना किती पडते? ओसीआय असल्यामुळे नणंदेला आपल्या दराने धरतील ना? गाइड घेणं सक्तीचं आहे का? पुनाखा बघायचंच आहे, कड्यावरचा ताक्त्संग मठ जमला तर. आणि नवऱ्याच्या डोक्यात स्वतःची गाडी न्यायचं खूळ आहे, ते काढू की राहू देऊ?

आगाऊ धन्यवाद.

घाटवळण

सगळ्यात आधी आधारचा विषय संपवतो. आधार चालत नाही. पॅन नाही, ड्रायव्हिंग लायसन्स नाही. भारतीय नागरिकाला दोनच गोष्टींवर प्रवेश मिळतो: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. त्यामुळे सासूबाईंचं काम मतदार कार्डावर होतं. मुलांचे पासपोर्ट नसतील तर मूळ जन्मदाखला न्या, आणि आईवडिलांपैकी कोणीतरी सोबत हवं, ते तर तुम्ही आहातच.

व्हिसा लागत नाही हे खरं, पण प्रवेश परमिट लागतं. ते ऑनलाइन काढता येतं. फोटो, ओळखपत्राचं स्कॅन, हॉटेलचं बुकिंग आणि कुठल्या दिवशी कुठे मुक्काम ते भरायचं, फी भरायची. सीमेवरच्या फुंतशोलिंगला पोचून तिथल्या इमिग्रेशन कार्यालयातही मिळतं, पण दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन रांगेत उभं राहण्याची हौस नसेल तर घरूनच काढा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते आधी बघून ठेवा.

गाडी घरीच ठेवा. का ते कोणीतरी सविस्तर सांगेलच.

हिशेबनीस

फीचा हिशेब मी मांडतो, आयडीला जागायला नको?

भारतीय प्रौढाला दर रात्री १२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, म्हणजे ६००. त्याहून लहान मुलांना काही नाही. तुम्ही दोघं आणि सासूबाई मिळून ३६००, मुलीचे ६००, धाकटा फुकट. एका रात्रीचे ४२००, पाच रात्रींचे २१,०००.

आता नणंदबाई. ओसीआय भारतात येण्याजाण्यासाठी आहे, भूतान पासपोर्ट बघतं. त्यांना व्हिसा लागणार, त्याची अर्जफी ४० डॉलर, ती परत मिळत नाही. वर एसडीएफ दर रात्री १०० डॉलर. पाच रात्रींचे ५०० अधिक ४०. रुपयांत करून बघा, तुम्ही पाच जण मिळून जेवढे भरणार त्याच्या दुपटीहून जास्त एकट्या नणंदबाई भरणार. हे त्यांना तिकीट काढायच्या आधी सांगा, विमानतळावर नको.

तेही आत्ता स्वस्त आहे बरं का. सप्टेंबर २०२२ मध्ये कोविडनंतर देश उघडला तेव्हा हीच फी २०० डॉलर होती. पर्यटक फिरकेनात म्हणून सप्टेंबर २०२३ पासून निम्मी केली, ती सवलत ऑगस्ट २०२७ पर्यंत जाहीर केलेली आहे.

निशिगंध

बाप रे. नणंदेचं मी धरलंच नव्हतं. तिला सांगते. ती तीनच रात्री आली आणि बाकीचे दिवस इकडेच राहिली तर?

हिशेबनीस

फी रात्रीवर आहे, त्यामुळे तीन रात्री म्हणजे ३०० अधिक ४०. पण तुम्ही रस्त्याने जाणार आणि नणंदबाई तीन दिवसांसाठी मधेच येणार, तर त्यांनी विमानाने थेट पारोला यावं. दिल्ली, कोलकाता, बागडोगरा इथून पारोची विमानं आहेत. दिल्लीहून येताना डावीकडची खिडकी मागायला सांगा, हिमालयाच्या रांगा त्या बाजूने दिसतात.

सह्यकडा

एवढे पैसे नुसते राहण्याबद्दल भरायचे? हॉटेल वेगळं, जेवण वेगळं, गाडी वेगळी. त्या पैशात सिक्कीम दोनदा होईल. पूर्वी भारतीयांना भूतानमध्ये एक पैसा द्यावा लागत नव्हता. शेजाऱ्याकडून असली वसुली बरी नाही वाटत.

रानजाई

सह्यकडा, सिक्कीम सुंदरच आहे, पण निशिगंध यांनी सिक्कीमबद्दल विचारलेलं नाही :)

वसुली म्हणण्याआधी थोडं मागचं बघा. भूतानने परदेशी पर्यटकांना दार उघडलं ते १९७४ साली, चौथ्या राजाच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, आणि तेव्हापासून धोरण एकच: माणसं थोडी, पैसा जास्त. आपल्याला सूट होती, ती नंतर कमी झाली. हा पैसा तिथे मोफत शिक्षण, मोफत आरोग्यसेवा आणि जंगल राखण्याकडे जातो. निम्म्याहून जास्त, नेमकं सांगायचं तर किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील असं त्यांच्या २००८ च्या राज्यघटनेतच लिहिलंय. पुनाख्याच्या रस्त्यावर उभं राहिलं की ते कलम डोळ्यांना दिसतं. मला १२०० जास्त वाटत नाहीत. हॉटेल स्वस्तातलं शोधून फीची कसर भरून काढता येते.

महाग पडतात ती तिकिटं, त्याबद्दल कोणी बोलतच नाही. ताक्त्संगचं तिकीट माणशी २००० न्गुलत्रुम (तिथलं चलन, रुपयाइतकंच) आहे. झोंग (तिथले किल्ल्यासारखे मठ) आणि बाकीच्या ठिकाणांची तिकिटं वेगळी. एसडीएफ भरली म्हणजे आत सगळं फुकट असं समजून लोक जातात आणि खिडकीपाशी तोंड पडतं. तिकीट खाली पायथ्याशी काढावं लागतं, म्हणून सासूबाई चढणार नसतील तर त्यांचं काढूच नका.

घाटवळण

गाडीबद्दल कोणीच लिहिलं नाही, मीच लिहितो. फुंतशोलिंगच्या पुढे भारतीय नंबरची गाडी न्यायची तर दिवसाला ४५०० रुपये लागतात. तुमच्या पाच रात्री म्हणजे सहा दिवस, २७,००० नुसते गाडीचे. तुम्हा पाच जणांची एसडीएफ त्याहून कमी आहे. वर घाटाचा रस्ता, पावसाळ्यानंतर दरडींची डागडुजी चालू असते, आणि नवरोबा दिवसभर समोर बघणार, डोंगर बाकीचे बघणार. भूतानी नंबरची गाडी ड्रायव्हरसकट ठरवा. सहा जण आणि सामान धरून मोठी गाडी सांगा, छोट्या टॅक्सीत मावणार नाही.

निशिगंध

नवऱ्याला हे वाचायला दिलं. गप्प आहे. खूळ उतरलं असं धरते.

रस्त्याने जायचं तर मार्ग कसा आखावा? आणि गाइडचं?

चांदणचुरा

रेल्वेने हासिमारा, किंवा विमानाने बागडोगरा आणि तिथून चारेक तास गाडीने जयगाव. जयगाव आपलं, फुंतशोलिंग त्यांचं, मधे एक दरवाजा. अलीकडे हॉर्न आणि रिक्षा, पलीकडे माणसं झेब्रा पट्ट्यावर थांबतात. दरवाज्यातून गेलात की घड्याळ अर्धा तास पुढे करा, कार्यालयाच्या वेळा त्यांच्या घड्याळाने चालतात.

फुंतशोलिंगसारख्या सीमेवरच्या गावात चोवीस तासांपर्यंत एसडीएफ लागत नाही. प्रवासाने दमलेली मुलं असतील तर पहिली रात्र तिथे काढून सकाळी थिंफूला निघा. पाच-सहा तासांचा घाट आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसावं. परमिट चेकपोस्टवर पुन्हा बघतात, म्हणून ओळखपत्रं बॅगेच्या तळाशी नकोत.

गाइड: फक्त थिंफू आणि पारो करणार असाल तर गाइडशिवाय चालतं. पुनाखा हवंय म्हणताय, मग थिंफू-पारोच्या पलीकडे गाइड लागतोच. परमिटच्या अर्जात मुक्काम लिहितानाच हे ठरवून ठेवा. गाइडला नुसता खर्च समजू नका. झोंगमधली भित्तिचित्रं कोणी समजावून सांगितली नाहीत तर दहा मिनिटांत मुलगी कंटाळेल.

घाटवळण

चांदणचुरा यांच्या मुद्द्याला जोड. नणंदबाई रस्त्यानेच येणार असतील तर त्यांना जयगावला भारताच्या इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याचा शिक्का घ्यावा लागेल. आपल्याला ते करावं लागत नाही, म्हणून बरोबरच्यांना आठवत नाही, आणि पलीकडे गेल्यावर परत पाठवतात. पारोला विमानाने आल्या तर हा प्रश्नच नाही.

पानगळ

पैसे कसे न्यावेत हे राहिलं. न्गुलत्रुम आणि रुपया एकास एक आहे आणि रुपये तिथे सर्रास घेतात. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १०० रुपयांपेक्षा मोठ्या नोटा माणशी २५,००० पर्यंत नेता येतात. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा, छोट्या दुकानात बरं पडतं. भीम यूपीआय २०२१ पासून तिथे सुरू झालंय, पण सगळ्याच दुकानांत मिळेल असं धरून रोख कमी नेऊ नका. सुट्टे म्हणून जे न्गुलत्रुम मिळतील ते जयगावच्या अलीकडे येण्याआधी संपवा, पुढे भारतात कोणी घेत नाही.

सह्यकडा

बरं, माघार. पण एवढा खर्च करून जाणारच असाल तर पाच रात्रींत पारो, थिंफू, पुनाखा, फोबजिखाचं खोरं सगळं कोंबू नका.

रानजाई

+१. फोबजिखाला काळ्या मानेचे क्रौंच ऑक्टोबरच्या शेवटी यायला लागतात, त्यांचा उत्सव ११ नोव्हेंबरला असतो. त्यासाठी वेगळी वारी करा. आत्ता थिंफू एक रात्र, पुनाखा दोन, पारो दोन. पुनाखा थिंफूपेक्षा हजारेक मीटर खाली आहे, उबदार आहे, सासूबाईंना तिथे बरं वाटेल. वाटेत दोचुला खिंडीत १०८ चोर्तेन (छोटे स्तूप) आहेत, आकाश स्वच्छ असलं तर शिखरं दिसतात, गार वारा मात्र झोंबतो. शेवटी पारो ठेवल्याने ताक्त्संगपर्यंत सगळ्यांना उंचीची सवय झालेली असते.

निशिगंध

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! दोनच शंका राहिल्या. सासूबाईंचं मतदार कार्ड जुनं, लॅमिनेट केलेलं, फोटो पुसट झालाय आणि नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं. चालेल? आणि ताक्त्संगला घोडा वरपर्यंत जातो का?

घाटवळण

स्पेलिंगचं एक सूत्र: परमिट, विमान, हॉटेल सगळीकडे मतदार कार्डावर जसं आहे तसंच नाव टाका. आधारशी जुळवायला जाऊ नका, आधार तिथे कोणी बघणार नाही. पुसट फोटोचं मात्र मनावर घ्या. स्कॅनमध्ये चेहरा ओळखू आला नाही तर अर्ज अडकतो. अजून वेळ आहे, नवीन प्लास्टिकच्या कार्डासाठी आजच अर्ज करा. पासपोर्टच काढून टाकलात तर आणखी उत्तम. मूळ कार्ड सोबत हवं, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका.

रानजाई

घोडा अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच जातो. पुढे पायऱ्या, आधी उतरायच्या आणि मग पुन्हा चढायच्या. येताना घोडा नाहीच, चालत उतरावं लागतं, गुडघ्यांचा त्रास असेल तर तेच जड जातं. मठात जाताना बॅग आणि फोन बाहेर ठेवायला लावतात, अंगभर कपडे हवेत.

तुम्ही दोघं आणि मुलगी सकाळी लवकर वर जा. सासूबाई आणि धाकट्याला गाडीवाल्याबरोबर पारोतल्या किचू ल्हाखांग मंदिरात पाठवा. सातव्या शतकातलं मानतात, सपाटीवर आहे, चढ नाही, आणि अंगणात बसायला जागा आहे. दुपारी सगळे एकत्र जेवा. ड्रायव्हरशी हे आदल्या रात्रीच बोलून ठेवा, नाहीतर तो सकाळी सगळ्यांनाच पायथ्याशी सोडून मोकळा होईल.