मदत हवी आहे: प्रॉपचे बोल्ट दर दोन फ्लाइटला ढिले होतायत

निळंआभाळ
मंडळी, वैतागलोय पार. मॉडेल विमान आहे, ५५ सीसी पेट्रोल इंजिन, २२ बाय ८ इंची लाकडी प्रॉप (प्रोपेलर), हबला (इंजिनाची ज्या चकतीवर प्रॉप बसतो ती) चार एम५ ॲलन बोल्ट. दोन फ्लाइट झाल्या की बोल्ट ढिले. काल लँड केल्यावर प्रॉप हातात धरून हलवला तर हबवर चक्क खुटखुट वाजतोय. चारही बोल्ट जीव खाऊन आवळतो, पाना पुढे सरकेनासा होईपर्यंत, तरी तेच. मागच्या सीझनला याच विमानावर कधी त्रास नव्हता. रविवारी उडवायचंय, लवकर सांगा काय लावू.

लोखंडीपाना
निळं लॉकटाइट (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लाव, विषय संपला. फक्त आधी बोल्ट आणि हबचे आटे आयसोप्रोपिलने नीट पुसून घे, तेलाचा अंश राहिला तर ते धरतच नाही. माझ्या इंजिन माउंटचे बोल्ट लॉकटाइटवरच आहेत, कधी हलले नाहीत.

सागवान
माउंटला बरोबर, पण लाकडी प्रॉपला नका सांगू हो हे. तिथे बोल्ट उलटा फिरून सुटत नाही, लाकूड दबतं आणि दाब जातो. नवा लाकडी प्रॉप पहिल्या काही मिनिटांत दबतोच, हवा दमट-कोरडी झाली की परत जाडी बदलते. बोल्ट जागचा हलला नाही तरी पकड गेलेली असते आणि लॉकटाइट लावलं असेल तर पाना लावून बघितलं तरी घट्टच वाटतो. फसवणूक होते त्यात.
निळंआभाळ, प्रॉप नवा आहे का? आणि काढल्यावर त्याची मागची बाजू कशी दिसते?

निळंआभाळ
प्रॉप तोच आहे, जुना. मागे हबच्या आकाराची तपकिरी-काळी गोल रिंग उमटलीय, चकचकीत झालंय लाकूड. भोकं पण किंचित लांबट वाटतायत. मी आवळण्यात कमी पडत नाहीये, हे आधीच लिहिलंय.

सागवान
मग तो प्रॉप बाद समजा, प्लीज. ती रिंग म्हणजे लाकूड हबवर घासून जळलंय. इंजिनाचा जोर प्रॉपला पोचतो तो हब आणि लाकडाच्या घर्षणातून, बोल्ट फक्त दाबून धरायला असतात. दाब गेला की प्रत्येक फायरिंगचा धक्का थेट बोल्टवर, भोकं लांबट होतात आणि शेवटी बोल्ट तुटतात. २२ इंची प्रॉप ७००० आरपीएमला असला की टोकाचा वेग सेकंदाला २०० मीटरच्या वर जातो, तो सुटला तर समोर कोण आहे ते बघत नाही.

दोनस्ट्रोक
मफलरच्या (सायलेन्सरच्या) बोल्टना मात्र निळं अजिबात लावू नका, त्या उष्णतेत त्याची पकड जाते. नायलॉक नट पण नको तिथे, आतलं नायलॉन मऊ पडतं. मी वेज-लॉक वॉशर वापरतो, आणि पहिल्या एक-दोन रननंतर इंजिन गार झालं की परत आवळतो.

लोखंडीपाना
मफलरचं कोणी विचारलंय का? आणि सागवान, पाच वर्षं मी प्रॉपला पण निळं लावतोय, एकदाही सुटला नाही.

सागवान
तुमचा प्रॉप लाकडी की कार्बन?

लोखंडीपाना
कार्बन. पण तत्त्व तेच ना.

सागवान
नाही ना दादा, कार्बन दबत नाही लाकडासारखा, मूळ मुद्दाच तो आहे.

बॅटरीवाला
इलेक्ट्रिकवर या, हे कंपनच नको.

मायक्रोमीटर
निळंआभाळ, मागच्या सीझनपासून नक्की काय बदललं? "काहीच नाही" म्हणू नका, काहीतरी बदललंय. बोल्टची लांबी किती आणि आटे पूर्ण आहेत की वरचा भाग गुळगुळीत?

निळंआभाळ
काही नाही बदललं. बोल्ट ५० मिमी, वरचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत. स्पिनर (प्रॉपच्या पुढचं टोकदार टोपण) तेवढा काढलाय, त्याला तडा गेला होता. पण त्याचा काय संबंध?

मायक्रोमीटर
संबंध तिथेच आहे! स्पिनरची बॅकप्लेट (त्याची मागची चकती) त्याच बोल्टखाली होती ना? तिची जाडी, प्रॉपची जाडी, पुढच्या प्लेटची जाडी व्हर्नियरने मोजून सांगा.

निळंआभाळ
बॅकप्लेट ४, प्रॉप २४, पुढची प्लेट ४.

मायक्रोमीटर
हे बघा. एम५ च्या ५० मिमी ॲलन बोल्टला आटे साधारण टोकाकडच्या २२ मिमीलाच असतात, वरचे २८ गुळगुळीत. पूर्वी बॅकप्लेट, प्रॉप आणि पुढची प्लेट मिळून थर ३२ होता, आटे व्यवस्थित हबमध्ये जात होते. आता थर २८, म्हणजे डोकं प्लेटला टेकतंय न टेकतंय तोच गुळगुळीत भाग हबच्या आट्यांवर येऊन अडकतो, शिवाय जिथे आटे संपतात तिथले एकदोन अर्धवटच असतात. तुम्हाला हाताला घट्ट लागतं, पण तो जोर बोल्ट हबमध्ये अडकण्यात जातो, लाकडावर दाब नसतोच. लाकूड जरा दबलं की खुटखुट.
आत्ता एक करा. प्रॉप न लावता एक बोल्ट बोटांनी हबमध्ये फिरवा, कुठे अडतो तिथे पेनने खूण करा, बाहेर किती राहिला ते मोजा.

निळंआभाळ
केलं. २९ ला अडला. म्हणजे मी महिनाभर २८ चा थर घेऊन २९ ला अडणारा बोल्ट आवळत होतो??

मायक्रोमीटर
हो. ४५ मिमी घ्या, गुळगुळीत भाग २३, थर २८, पाच मिमी मोकळीक आणि हबमध्ये १७ जातात. १२.९ ग्रेडचे (जास्त ताकदीच्या पोलादाचे) घ्या. हबचे वरचे आटे चिमटलेत का ते नवा बोल्ट हाताने घालून बघा, आणि मागून टोक बाहेर येऊन इग्निशनच्या सेन्सरला किंवा केसला लागत नाही ना तेही.

सागवान
आणि प्रॉप नवा. भोकं ड्रिल गाइडनेच पाडा, नजरेने नको. बॅलन्स करा. आडव्या-तिडव्या क्रमाने थोडं थोडं आवळा, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंतच, जास्त नाही. एक टाकी चालवली की इग्निशन बंद करून परत पाना लावा.

निळंआभाळ
४५ चे मिळाले, नवा प्रॉप बसवला. बोटाने फिरवला तर डोकं प्लेटला टेकल्यावरही बोल्टला पुढे जागा आहे, फरक हाताला कळतो. एका टाकीनंतर चारही बोल्ट पाव फेरा घेतले, दुसऱ्या टाकीनंतर हललेच नाहीत. मागची रिंग अजून पांढरीच आहे.

दोनस्ट्रोक
छान. मफलरचे बघितलेत का?