एफटीआयआर बसवल्यावर जुना बेंच काढायचा का?

टेस्टबेड_भोसरी
बीएस-६ ट्रक इंजिनाच्या टेस्ट सेलमध्ये एससीआरनंतरचा (युरियाने नॉक्स कमी करणाऱ्या कॅटॅलिस्टनंतरचा) अमोनिया मोजायला एफटीआयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रमवरून वायू मोजणारा ॲनालायझर) बसवलाय. शेजारी नेहमीचा बेंच (वेगवेगळ्या ॲनालायझरचा संच) आहे: सीओ-सीओटूला एनडीआयआर (इन्फ्रारेड), एचसीला म्हणजे हायड्रोकार्बनला एफआयडी (ज्योतीवरचा डिटेक्टर), नॉक्सला म्हणजे नायट्रोजन ऑक्साइडना सीएलडी (रासायनिक प्रकाशावरून एनओ मोजणारा). एकाच लोडला बेंच सीओटू ८.७% दाखवतो, एफटीआयआर ८.०%. एचसी तर निम्मीच. खरं कोणाचं मानायचं? आणि एकटा एफटीआयआर पुरेल का?

लॅम्बडा
सीओटूचे दोन्ही आकडे बरोबर असणार. एनडीआयआरला चिलरमधून (गॅस थंड करून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) कोरडा गॅस जातो, एफटीआयआरला गरम आणि ओला. एफटीआयआरवर पाण्याचं रीडिंग बघा, ८% च्या आसपास दिसेल. ८.७ × ०.९२ = ८.०. ड्राय-टू-वेट करेक्शन लावल्याशिवाय तुलनाच करू नका.

तसा एनडीआयआरही इन्फ्रारेडच, पीयूसी मशीनमध्येही तोच असतो. तो एकेका वायूची ठरावीक पट्टी बघतो, एफटीआयआर अख्खा स्पेक्ट्रम घेतो.

गरम_लाइन
एचसीसाठी एफआयडी काढू नका. हायड्रोजनच्या ज्योतीत तो जवळपास कार्बनचे अणूच मोजतो. एफटीआयआर मेथडमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या विश्लेषणाच्या मांडणीत) घातलेले घटक ओळखून त्यांचीच बेरीज करतो. डिझेलचे जड हायड्रोकार्बन निसटतात. दोन्ही आकडे सी-१ वर (कार्बन अणूंच्या हिशोबात) आहेत ना, तेही तपासा.

अमोनियाला मात्र एफटीआयआरच हवा (किंवा लेझर). मर्यादा सायकलभर सरासरी १० पीपीएम, आणि हा वायू भिंतीला चिकटतो. लाइन १९० अंशांवर, आखूड ठेवा. फिल्टर होल्डर आणि जोड हमखास थंड राहतात, तिथे वेगळा हीटर गुंडाळा. स्पॅन गॅस (ठाऊक प्रमाणाचा कॅलिब्रेशन गॅस) ॲनालायझरच्या पोर्टला न देता प्रोबपासून द्या आणि ९०% ला पोचायला किती सेकंद लागतात ते बघा. वेळ वाढत चालला तर आधी काजळीने भरलेला फिल्टर बदला.

टेस्टबेड_भोसरी
नॉक्सही एफटीआयआरवर थोडा जास्त येतोय.

लॅम्बडा
सीएलडी कोरडा असेल तर एनओटू चिलरच्या पाण्यात विरघळत असेल. एनओटूचं एनओ करणारा कन्व्हर्टर चिलरच्या आधी हवा, कार्यक्षमता किमान ९५%. ते ठीक असेल तर एफटीआयआरकडे वळा: एनओच्या पट्ट्यांवर पाण्याच्या रेषा चढतात. नुसता आकडा पाहू नका, रेसिड्युअल स्पेक्ट्रम (मेथडने जुळवल्यावर उरलेला भाग) उघडा. त्यात पाण्याचा आकार उरला असेल तर मेथड चुकतेय. डिटेक्टर एमसीटी (थंड ठेवावा लागणारा प्रकार) असेल तर लिक्विड नायट्रोजन भरूनच बॅकग्राउंड (नमुन्याविना संदर्भ स्पेक्ट्रम) घ्या. ऑक्सिजन एफटीआयआरला दिसतच नाही, त्याचा सेन्सर बेंचवर राहू द्या.