स्कूटरच्या सीटवर अळीव उगवलंय

सेक्रेटरी काका: सर्वांना नमस्कार. पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरची सीट जिथे फाटलीये तिथून हिरवं काहीतरी बाहेर आलंय. बोटभर उंच आहे. कोणाला माहिती असल्यास कळवावे.

३०२ आजी: फोटो टाका हो

३०२ आजी: अहो अळीव आहे ते. दाट आलंय की छान.

४०१ जुळ्यांची आई: काका खूप सॉरी, आत्ता दोघांना उभं करून विचारलं तर आधी एकमेकांकडे बोट आणि मग म्हणे सीटमध्ये स्पंज असतो आणि पाऊस पडून गेला तरी तो ओलाच राहतो म्हणून तिथे टाकलं, म्हणजे विचार करून केलंय हे सगळं, आणि आमच्या बाथरूमबाहेरचं पायपुसणं मला कोणी धुवायला का टाकू देत नव्हतं ते पण आत्ता कळलं

२०३ दादा: पायपुसण्याचा फोटो पाहिजेच

४०१ जुळ्यांची आई: टाकते. मधे टक्कल आहे, सासऱ्यांचा पाय तिथेच पडतो

५०४ बाबा: म्हणजे किल्ल्याचं अळीवाचं पाकीट यांनी पळवलं होय! मी वॉचमनवर संशय घेत होतो, उगाच.

४०१ जुळ्यांची आई: मग काय करतील हो, किल्ल्याला हात लावू देता का तुम्ही त्यांना? दिवाळीची सुट्टी पोरांची आणि रात्री अकरापर्यंत टॉर्च लावून चिखलात कोण बसलंय तर तुम्ही, आमचे हे, आणि २०३

५०४ बाबा: तसं नाही वहिनी, राजगड करायचा म्हणजे पद्मावती सुवेळा संजीवनी तिन्ही माच्या तीन दिशांना निघायला हव्यात, मधे वर बालेकिल्ला, त्यात संजीवनीला दुहेरी तटबंदी, मुलं नुसती माती थापत बसतात आणि मग ढिगारा होतो

१०१ काकू: ढिगाराच असतो तो. आमच्या वाड्यात विटा दगड रचायचे, वर गोणपाट, त्यावर चिखल, की झाला गड. कुठला ते शेवटी ठरायचं, जसा दिसेल तसा. एका वर्षी अर्धा ढासळला तर त्याला म्हटलं तोफा लागल्यात, आणि तोच सगळ्यात भारी दिसला

२०३ दादा: 😂

५०४ बाबा: पण काकू २०२५ ला युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे, मुलांना हे कळायला नको का

४०१ जुळ्यांची आई: कळलंय. मुलीला बाराच्या बारा पाठ आहेत, साल्हेरपासून जिंजीपर्यंत. त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे म्हटल्यावर तिला तोच पाहिजे, कारण म्हणे इतक्या लांब बाबा लोक येत नाहीत. सध्या आमच्या जेवणाच्या टेबलाखाली जिंजी आहे. चादरी, सोफ्याच्या उशा आणि महादरवाजाला माझा पोळपाट. पोळ्या कशावर लाटू विचारलं तर म्हणाली आधी शरण या

३०२ आजोबा: राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर मुघलांनी वेढा घातला तो १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. पोळपाट एवढ्यात मिळेल असं दिसत नाही. भात लावा.

३०२ आजी: यांचं काही ऐकू नकोस गं. मी चकल्या पाठवते, तह करून टाक.

१०१ काकू: पण पोरं किल्ल्यावरून उठली का मुळात? पहिल्या दिवशी तर चांगली रंगली होती

४०१ जुळ्यांची आई: मुलाने विचारलं मावळे शीला कुठे जातात. कोणी उत्तरच दिलं नाही.

५०४ बाबा: अहो आम्ही माचीचं माप घेत होतो तेव्हा

३०२ आजोबा: प्रश्न एक नंबर आहे. रायगडावर राणीवशात दगडी शौचकूप आहेत, आजही बघायला मिळतात. त्याला माझ्याकडे पाठव, फोटो दाखवतो. तुमच्या राजगडावर केलेत का शौचकूप?

५०४ बाबा: नाही

३०२ आजोबा: मग कसलं हो स्केल

२०३ दादा: आजोबा फॉर्मात 🙏

सेक्रेटरी काका: चर्चा चांगली आहे पण माझ्या सीटचं काय करायचं?

३०२ आजी: आता उपटू नका, जीव लागलाय पोरांचा. पाडव्यापर्यंत रिक्षाने जा. आणि ५०४, नवीन अळीव आणलंत तर तासभर भिजवून मग लावा, भिजलं की चिकट होतं आणि उतारावर धरून राहतं. कोरडं फेकलंत तर पाणी मारल्यावर सगळं पायथ्याशी ओघळून येतं, गड बोडका आणि खाली दाढी. वसुबारसेला लावलं तर पाडव्यापर्यंत हिरवंगार होतं.

४०१ जुळ्यांची आई: चकल्या पोचल्या आजी. तहाची बोलणी झाली, वाचून दाखवते. आज पाचनंतर पार्किंगमधला किल्ला मुलांच्या ताब्यात. मोठ्यांनी फक्त पाणी आणि विटा आणायच्या. विचारल्याशिवाय माची हा शब्द काढायचा नाही. शौचकूप दोन, एक मावळ्यांना एक डायनासोरला. डायनासोर किल्लेदार आहे, त्यावर चर्चा नाही

५०४ बाबा: संजीवनीची तटबंदी तेवढी राहू द्या ना, दोन रात्री गेल्यात तिच्यात

४०१ जुळ्यांची आई: विचारलं. म्हणतात तिथे गाड्या पार्क करायच्यात

१०१ काकू: दुहेरी आहे ना, मग दोन्ही बाजूला मावतील

३०२ आजी: आणि पोळपाट?

४०१ जुळ्यांची आई: तो तहात नाहीये. उद्या वेगळी बोलणी म्हणे, आणि तेव्हा शंकरपाळे लागतील

५०४ बाबा: ठीक आहे, मान्य. पाचला बादल्या घेऊन येतो. किती आणू ते विचारा त्यांना