सहाही लढवय्ये नकोतच

बाल्डर्स गेट या सहा जणांची टोळी घेऊन खेळायच्या कॉम्प्युटर गेमच्या चर्चेत कुणी म्हणालं, "जादूगार पहिल्याच फटक्यात मरतो, सहाही लढवय्येच घ्या". यातलं पहिलं अगदी खरं आहे भाऊ. 1998 च्या या गेममध्ये पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला मुळात जास्तीत जास्त 4 हिट पॉइंट (जीव किती त्याचा आकडा), कॉन्स्टिट्यूशनचे म्हणजे अंगच्या कणखरपणाचे फार तर 2 वरून. पण शत्रूला झोपवणारा स्लीपचा मंत्र त्या चर्चेत कुणीच हिशेबात धरला नाही! नॅशकेलच्या खाणीत अरुंद बोगद्यातून कोबोल्ड नावाचे छोटे राक्षस झुंडीनं येतात, खालच्या मजल्यांवर तर पेटते बाण सोडतात. माझा भाचा तिथंच अडकून बसला होता. एक स्लीप टाकायला लावला अन् अख्खी रांग आडवी. झोपलेल्यावरचा वार चुकत नाही, धनुष्यवाल्याला लढाईच्या एका राउंडमध्ये (फेरीत) दोन बाण मिळतात, काम तमाम. तुमच्या सहा लढवय्यांतले निम्मे त्या बोगद्यात मागं नुसते उभे राहतील.

दोघं-तिघं पुढं ठेवा, मागं जादूगार, क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) आणि चोर. चोर हवाच, सापळे काढणं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

आणि आमच्या यवतमाळकडे लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. तुमच्याकडेही तसंच असेल अन् लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल, तर बोगद्यात शिरण्याआधी क्विकसेव्ह कराच, म्हणजे खेळ तिथपर्यंत झटपट जतन करून ठेवा.