२ ऑगस्ट २०२७: सकाळी अमृतस्नान, दुपारी सूर्यग्रहण. रामकुंडावरचा सरकारी माइक काय बोलणार?

गोदाकाठ
नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तारखा जाहीर झाल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवती अमावास्येला. त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, तेव्हा यात चमत्कार काही नाही. पण त्या दिवशी लाखो माणसं उघड्या आकाशाखाली गोदाकाठी असतील आणि दिवसभर सरकारी ध्वनिक्षेपक चालू असतील.

मी नास्तिक आहे. कुंभ बंद करा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या माइकवरून ग्रहण म्हणजे काय ते सांगावं, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नका हे सांगावं, आणि घाटांवर प्रमाणित ग्रहणचष्मे ठेवावेत. ‘गरोदर बायकांनी बाहेर पडू नये’ असलं वाक्य त्या माइकवरून अजिबात येता कामा नये. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ पासून घटनेच्या ५१अ कलमात आहे. नागरिकाला जे सांगता, ते सरकारने आधी पाळावं.

पंचवटीकर
भाऊ, आमच्या वाड्यात चार पिढ्या यात्रेकरू उतरतात, म्हणून बोलतो. ग्रहण म्हणजे भीती हे तुम्ही धरूनच चाललात. आमच्याकडे ग्रहणातलं स्नान, दान, जप हे पुण्याचं मानतात. कुरुक्षेत्राला तर लोक सूर्यग्रहणासाठीच जमतात. स्पर्शाला, म्हणजे ग्रहण लागताना, एक स्नान, मोक्षाला, म्हणजे ते सुटल्यावर, दुसरं. सूर्यग्रहणाचे वेध, म्हणजे खाण्यापिण्याची बंधनं, चार प्रहर (बारा तास) आधी लागतात, म्हणजे माणूस पहाटेपासून उपाशी, ओठांवर नाम, आणि कानात माइकवरून भूगोलाचा तास! हे बरं दिसतं का?

शिवाय पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटासकट छापतात, ती काय अज्ञानातून? सिंहस्थ म्हणजेच गुरू सिंह राशीत. आकाश बघूनच ठरलेलं पर्व आहे हे. तुमचं प्रदर्शन एखाद्या मैदानावर भरवा, मी नातवाला घेऊन येईन. घाटावर नको.

निरीश्वर
गोदाकाठ, तुमची मागणी फार भित्री आहे. घटनेचं २७ वं कलम सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही. इथे सगळी सरकारी यंत्रणा दोन वर्षं एका धर्माच्या मेळ्याला जुंपली जाते, पदावरची माणसं पदावरूनच पूजा सांगतात. साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायचा घाट घातला, तेव्हा लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. आणि तुम्ही म्हणता, त्याच मांडवात आमचेही चार चष्मे ठेवा. विज्ञानाला तिथे पाहुणा म्हणून बसवू नका. सरकारने यातून बाहेर पडावं, आस्थेचा खर्च आस्थेने करावा.

गोदाकाठ
निरीश्वर, २७ ऑगस्ट २००३ आठवा. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. सरकार बाहेर पडलं तरी माणसं यायची थांबणार नाहीत. घाट, पूल, संडास, पाणी, रुग्णवाहिका यांवरचा खर्च मी धर्माचं संवर्धन मानत नाही. पूजेचा खर्च मानतो, तिथे मी तुमच्याबरोबर.

पंचवटीकर, तुम्ही एक मोठी गोष्ट बोलून गेलात, माझ्या ध्यानातच आली नव्हती. सकाळचं स्नान करून माणूस परत जातो, या हिशोबाने गर्दी हलवली जाते. पण मोक्षाचं स्नान करायचं म्हटलं तर सकाळी आलेला माणूस संध्याकाळपर्यंत काठ सोडणार नाही, आणि ग्रहणासाठी येणारे वेगळे. उपाशी, म्हातारी माणसं, श्रावणाच्या तोंडावरचा पाऊस, निसरड्या पायऱ्या, वर धरणातून पाणी सोडलेलं असलं तर नदीही चढलेली. याचा वेगळा आराखडा हवा.

आणि पंचांगाचं म्हणाल तर गणिताला माझा नमस्कारच आहे. स्वतंत्र भारताची पंचांगसुधारणा समिती मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली काम करत होती. पदार्थवैज्ञानिक आणि पक्के नास्तिक. त्यांनी तुमच्या तिथींचं गणित नाकारलं नाही, नीट करायला घेतलं.

विज्ञानशिक्षिका, नाशिकरोड
गोदाकाठ सर, चष्म्याला माझा विरोध आहे. लाखोंच्या गर्दीत आयएसओ १२३१२-२ या आंतरराष्ट्रीय मानकाचा खरा चष्मा कोणता आणि दहा रुपयांचा काळा प्लास्टिकचा कोणता, कोण तपासणार? एकाचा डोळा गेला तर लोक म्हणतील, बघा, ग्रहण पाहिलं म्हणून झालं.

२५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या गच्चीवर ग्रहण दिसलं. सोसायटीतली बरीच दारं बंद होती. फराळाचा बुंदीचा झारा हाताशी होता, तो उन्हात धरला आणि भिंतीवर पाठ सूर्याकडे करून बघितलं. झाऱ्याच्या प्रत्येक भोकाचा एकेक सूर्य, प्रत्येक सूर्याला चावा घेतल्यासारखी कोर. शेजारची पाचवीतली मुलगी आईचा हात सोडवून आली आणि बोटाने कोरी मोजायला लागली. मग आईही आली. मी व्याख्यान दिलं नाही, ‘घाबरू नका’सुद्धा म्हटलं नाही.

पंचवटीतल्या वडांखाली त्या दिवशी ऊन पडलं, तर पानांच्या फटींतून जमिनीवर अशाच कोरी उमटतील. माणसांना तिकडे खाली बघायला सांगा. अर्थात ऑगस्टमध्ये नाशिकला ढगच जास्त.

सिडकोची सून
मी मागणीच्या बाजूने आहे, माझ्यावर बेतलंय म्हणून. २६ डिसेंबर २०१९, सकाळचं ग्रहण, मला सातवा महिना. सासूबाईंनी आडवं व्हायचं नाही, सुरी-कात्री धरायची नाही, पाणी प्यायचं नाही म्हणून ताठ बसवलं. तीन तास. उठले तशी डोळ्यांपुढे अंधारी आली, उंबऱ्याशी पडले. सासूबाई वाईट नाहीत, रात्रभर पाय चेपत बसल्या होत्या. राग त्यांचा नाही. आदल्या दिवशी तपासणीला गेले तिथे मी मुद्दाम विचारलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘बसा ना घरात, काय बिघडतं?’ पगार सरकारचा, चार शब्द नीट बोलल्या असत्या तर सासूबाईंनी ऐकलं असतं. त्या डॉक्टरांचं ऐकतात. पंचवटीकर काका, मैदानावरचं प्रदर्शन बघायला माझ्या सासूबाई येणार नाहीत. घाटावर मात्र नक्की येतील.

पंचवटीकर
ताई, वाचून वाईट वाटलं. गर्भवती, बालक, आजारी, वृद्ध यांना वेधात सवलत आहे, आमच्या वडिलांनी कुणाचं पाणी तोडलं नाही. पाणी प्या, औषध घ्या, पडून राहा, हे माइकवरून सांगायला माझी हरकत नाही. ते आमच्यातल्याच कुणी सांगावं, लोक जास्त ऐकतील.

ग्रहण म्हणजे काय याचा पाठ मात्र घाटावर नको, यावर मी ठाम आहे. गोदाकाठ, संध्याकाळच्या गर्दीचं पत्र लिहा. कोणत्या गल्लीतून किती माणूस उतरतो ते मी सांगतो, त्यावर माझी सही घ्या. चष्म्याच्या पत्रावर मागू नका.

गोदाकाठ
रविवारी येतो वाड्यावर. चष्मे काढून टाकलेत, बाईंचं पटलं. माइकवर काय बोलायचं ते पत्रात राहील, तुमच्या सहीशिवाय.