मदत हवी आहे : बंडखोरांशी बोलणी की लष्करी कारवाई?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाजवळ राहतो. लेकीला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत हा विषय आलाय आणि तिच्या वाट्याला 'बोलणी' ही बाजू आलीय. माझा भाऊ सीआरपीएफमध्ये होता, गडचिरोलीत राहून आलेला. काल रात्री हातातली भाकरी ताटात तशीच ठेवून म्हणाला, "बाळ, रस्त्यात सुरुंग पेरणाऱ्याशी बोलायचं काय?" पोरगी गप्प झाली. मलाही उत्तर सुचलं नाही.

तिचा मुख्य आधार मिझोरम. १९६६ मध्ये मिझो बंडखोरांना मोडायला तिथल्या ऐजॉल शहरावर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले, तरी बंड वीस वर्षं चाललं. ३० जून १९८६ ला करार झाला, बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि शांतता टिकली.

पण समोरचे पंजाब काढणारच. जुलै १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली नेते लोंगोवाल यांच्यात करार झाला आणि महिनाभरात लोंगोवालांचीच हत्या झाली. शिवाय कंदाहारचं विमान अपहरण! डिसेंबर १९९९ मध्ये ओलिसांच्या बदल्यात सोडलेल्या तिघा अतिरेक्यांतल्या मसूद अझहरनं पुढं जैश-ए-मोहम्मद ही दहशतवादी संघटना काढली. माझ्या मते ओलिसांचा सौदा वेगळा आणि राजकीय तोडगा वेगळा, पण हे दोन मिनिटांत पटवायचं कसं?

मिझोरममध्ये जमलं ते पंजाबात का फसलं, हे कुणी नीट सांगेल का? ईशान्येत नोकरी केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा. मराठीत वाचायला काही असेल तर तेही सुचवा. स्पर्धा शनिवारी आहे.