शाळांना नर्स हवी की आधी उपकेंद्रं भरायची?

सातपुड्याचा मास्तर
धडगाव तालुक्यात शिकवतो. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात सहावीतला एक मुलगा परिपाठाला उभाच राहायचा नाही, गुडघे धरून खाली बसायचा. आळशी म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत रागावलो. पुढे रक्त तपासलं तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार निघाला. गारठा लागला किंवा अंगात पाणी कमी पडलं की या आजारात कळा उठतात, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि आम्ही त्याला पहाटे थंड पाण्याने आंघोळ घालून रांगेत उभं करत होतो!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ला सुरू झाला. त्याचं पथक मन लावून तपासतं, पण शाळेत ते वर्षातून एकदा. बाकीचे दिवस मूल माझ्या अंदाजावर. म्हणून म्हणतो, आसपासच्या चार-पाच शाळांमिळून एक कायमची नर्स द्या. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली लीना रॉजर्स नावाच्या नर्सला अशाच चार शाळांवर नेमलं होतं. तोवर डॉक्टर खरजेची, डोळे आलेली मुलं घरी पाठवत आणि ती घरीच बसत. बाईंनी शाळेतच औषधपाणी केलं, घरी जाऊन आयांना दाखवून दिलं. मग आणखी नर्स नेमल्या. सप्टेंबर १९०२मध्ये घरी पाठवलेली मुलं १०,५६७ होती, पुढच्या सप्टेंबरात १,१०१.

तापीकाठची सिस्टर
सर, तळमळ पटते, मागणी पटत नाही. मी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. लसीकरण, गरोदर बाया, घरभेटी, वर नोंदींचे रजिस्टर. नवं काम निघालं की माणूस नवा येत नाही, आमच्यातलीच एक तिकडे ओढली जाते. आधी रिकाम्या जागा भरा. लोहाची निळी गोळी दर सोमवारी तुम्हीच देता ना? तसंच सिकलसेलची लक्षणं ओळखायला शिक्षकांना शिकवता येईल.

अमळनेरची आई
ताई, गोळी गुरुजी देतात, पण मळमळतं म्हणून पोरं ती खिशात घालतात. आमची आठवीतली पाळीच्या दिवसांत शाळा बुडवते. मला म्हणते, "माय, पोट दुखस." सरांना कशी सांगेल ती? सगळंच गुरुजींवर टाकून कसं चालेल?

सातपुड्याचा मास्तर
माझंही तेच म्हणणं आहे. लक्षण मी ओळखेन, पण दुखणं किती पुढे गेलंय आणि मुलाला दवाखान्यात कधी हलवायचं, हे ठरवायला शिकलेलं माणूस लागतं.

तापीकाठची सिस्टर
मग आधी आश्रमशाळांना द्या. तिथे रात्री-बेरात्री मूल फणफणलं तर आईही जवळ नसते. दिवसाच्या शाळांना मात्र माझा अजून नकारच. अमळनेरच्या ताई, मुलीला घेऊन उपकेंद्रात या. दर महिन्याला शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर दाखवायलाच हवं.
आणि सर, त्या पोराला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देता का?

सातपुड्याचा मास्तर
हो ताई. परिपाठालाही आता तो उन्हात बसतो.